माशिकोची किटली

टोकियोहून निघाले, ओयामाला आणि शिमोदातेला गाडी बदलली. पुढे मोओका रेल्वेची छोटीशी गाडी भातखाचरांमधून रमतगमत माशिकोला पोचली. तोचिगी प्रांतातलं हे कुंभारांचं गाव. मी आले होते प्रसिद्ध जपानी कुंभार हामादा शोजींचं घर बघायला. पण आधी भेटली ती एक किटली, आणि तिथेच तासभर गेला.

१८५३ साली, जवळच्या कासामाला काम शिकलेल्या ओत्सुका केइझाबुरोंनी इथे भट्टी लावली. इथली माती भरड, नाजूक भांड्यांना न मानवणारी. म्हणून मग पाण्याचे रांजण, बरण्या, तीळ वाटायचे आतून खाचा असलेले वाडगे आणि चहाच्या किटल्या. सगळा माल टोकियोच्या स्वयंपाकघरांत जायचा.

काचेमागची किटली त्यांतलीच. पोटावर डोंगर, पाणी, एक झाड. पानं म्हणजे कुंचल्याचे नुसते ठिपके, पण वारा सुटलाय असं वाटतं. अशी चित्रं काढणाऱ्या मिनागावा मासु (१८७४–१९६०) लहानपणीच या कामाला लागल्या. दिवसाला शेकडो किटल्या रंगवायच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचं नाव तरी उरलं. रांजण घडवणाऱ्या किती हातांची नावं कुणी लिहून ठेवली?

हामादा आले तेव्हा धातूच्या भांड्यांनी या मातीच्या भांड्यांना मागे सारायला सुरुवात केली होती. १९२० मध्ये इंग्लंडमधल्या सेंट आइव्हजला ब्रिटिश कुंभार बर्नार्ड लीचसोबत त्यांनी चढत्या उताराची भट्टी बांधली होती. १९२४ला परतले आणि याच भरड मातीपाशी येऊन राहिले. इथल्याच दगडाची पूड करून केलेली तांबूस झिलई वापरत राहिले. १९५५ मध्ये सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरवलं, तरी ते भांड्यांवर सही करत नसत. गावातल्या बिननावाच्या कुंभारांच्या पंगतीत बसायची त्यांची ही रीत मला फार मोठी वाटते.

त्यांच्या कामाच्या पडवीत मी चाकापाशी थबकले. हामादा मांडी घालून बसत आणि काठीने चाकाला गती देत. अगदी आमच्या कुंभारआळीतल्यासारखं! मागच्या उतारावर त्यांची भट्टी आहे. २०११च्या भूकंपात ती ढासळली होती. दुरुस्तीनंतर २०१५ मध्ये गावातल्या अनेक कुंभारांनी आपापली भांडी तिच्यात रचून ती पुन्हा पेटवली.

परतताना एका दुकानात बरणी घेतली. काय ठेवणार, म्हणून आजींनी खुणेनेच विचारलं. फोनवर कैरीच्या लोणच्याचा फोटो दाखवला. त्यांनी बरणीवर टिचकी मारली, कान दिला, मान हलवली आणि ती परत फळीवर ठेवली. दुसरी उचलली, तीही वाजवून पाहिली आणि मग कागदात गुंडाळायला घेतली. माठ घेताना माझी आजी अशीच टिचकी मारायची.