बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाचा ऐच्छिक विषय ठरवताना

बी.एड.च्या दोन वर्षांत छात्राध्यापकाने स्वतः ठरवावे असे फार थोडे असते. बालविकास, अध्ययन-अध्यापन, मूल्यमापन हे विषय सर्वांना सक्तीचे असतात आणि अध्यापन पद्धती (म्हणजे जे शालेय विषय शिकवायला शिकायचे त्या) बहुधा पदवीच्या विषयांवरून ठरून गेलेल्या असतात. उरतो तो ऐच्छिक विषय. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनंतर आलेल्या आराखड्यात कार्यशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण, शांततेसाठी शिक्षण, मार्गदर्शन व समुपदेशन असे पर्याय सुचवलेले आहेत; प्रत्यक्षात त्यांतले कोणते मिळतील हे विद्यापीठावर आणि महाविद्यालयातील प्राध्यापकांवर अवलंबून असते. (आदल्या तुकडीच्या तयार फायली कोणत्या विषयाच्या फिरत आहेत, यावरही पुष्कळांची निवड ठरते, त्याविषयी अधिक न लिहिलेले बरे.)

माझ्या मते विषयाआधी आंतरवासितेचे वेळापत्रक समोर घ्यावे. दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यांपैकी १६ दुसऱ्या वर्षी, आणि त्या काळात ९० टक्के उपस्थिती आवश्यक असते. सहा दिवसांचा आठवडा धरला तरी हे ९६ दिवस होतात, म्हणजे गैरहजेरीला जेमतेम नऊ दिवस उरतात. पाठ, टाचणे, शैक्षणिक साधने, घटक चाचणी, कृतिसंशोधन (वर्गातील एखाद्या अडचणीवर स्वतः उपाय करून पाहणे) हे सगळे याच दिवसांत बसवायचे असल्यामुळे, ज्या ऐच्छिक विषयाचे प्रात्यक्षिक त्याच शाळेत, त्याच मुलांबरोबर करता येत नाही, ते शेवटी कागदावरच उरकले जाते.

माझ्या अध्यापन पद्धती गणित व विज्ञान या असल्याने मी मार्गदर्शन व समुपदेशन हा विषय घेतला. गणिताची धास्ती घेतलेले मूल आठवी-नववीच्या कोणत्याही वर्गात भेटते, त्यामुळे या विषयाच्या प्रात्यक्षिकातील व्यक्ती-अभ्यासासाठी, म्हणजे एकाच विद्यार्थ्याच्या सखोल अभ्यासासाठी, वेगळी शोधाशोध करावी लागणार नाही. पहिला आठवडा नियमित शिक्षकांच्या तासिकांचे निरीक्षण करण्याचा असतो. त्यातच वर्गशिक्षकांशी बोलून विद्यार्थी निश्चित करायचा, मुख्याध्यापकांची व पालकांची संमती घ्यायची आणि अहवालात नाव बदलायचे, असे मी ठरवले आहे. वह्या, आधीच्या चाचण्यांच्या उत्तरपत्रिका आणि मुलाशी संवाद हे काम दिवाळीपूर्वीच्या प्रथम सत्र परीक्षेआधी सुरू झाले, तरच परीक्षेच्या आधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवून पाहता येईल. पुढे स्नेहसंमेलनाची तयारी आणि दहावीच्या सराव परीक्षा यांत शाळेला आपल्यासाठी सवड राहत नाही.

या विषयाला मर्यादाही आहे आणि ती आपल्या व्यक्ती-अभ्यासाच्या नियोजनातच लिहून ठेवलेली बरी. एक ऐच्छिक विषय शिकल्याने छात्राध्यापक समुपदेशक होत नाही. बोलता बोलता मुलाने लैंगिक छळासारखी गोष्ट सांगितली, तर ती व्यक्ती-अभ्यासाची सामग्री राहत नाही. बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, त्यामुळे शाळेत कोणाला तत्काळ सांगायचे हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवायला हवे. दुसरे असे, की कृतिसंशोधनासाठी याच मुलाची कहाणी पुन्हा वापरू नये. ऋण संख्यांच्या वजाबाकीत निम्मा वर्ग चुकतो, हा कृतिसंशोधनाचा प्रश्न. एकच मुलगी फळ्यापाशी बोलावल्यावर गप्प होते, हा व्यक्ती-अभ्यासाचा.

ज्यांची एम.एस्सी. किंवा एम.ए. झाली आहे आणि ज्यांना अकरावी-बारावीला शिकवायचे आहे, त्यांचा हिशेब निराळा. त्याच विषयाची उच्च माध्यमिक स्तरावरील अध्यापन पद्धती ऐच्छिक म्हणून घेण्याची सोयही परिषदेच्या आराखड्यात आहे, आणि त्यांनी तीच घ्यावी. फक्त आपल्याला मिळणाऱ्या सराव शाळेला कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले आहे का, हे अर्ज भरण्यापूर्वी पाहावे. नसेल तर पाठ घ्यायला वर्गच मिळणार नाही.