पृथ्वीच्या पोटात लोखंड आहे हे कळलं कसं?

शाळेच्या पुस्तकात पृथ्वीची फोड कापून दाखवलेली असते बघा, वर पातळ कवच, मग जाडजूड प्रावरण, मग बाह्य गाभा आणि मधोमध पिवळाधमक गोळा. पाठ करा, मार्क घ्या, विषय संपला. पण हे बघितलं कुणी, तिथे गेलं कोण, याचा त्या धड्यात पत्ताच नसतो आणि मला विचाराल तर खरी मजा तिथेच आहे.

गेलं कोणीच नाहीये. केंद्र 6371 किलोमीटर खाली, आणि माणसाने पाडलेलं सगळ्यात खोल भोक म्हणजे रशियातलं कोलाचं, 1970 ला सुरू केलं आणि 1989 ला 12,262 मीटरवर पोचलं. खाली तापमान निघालं 180 अंश सेल्सिअस, अंदाजापेक्षा कितीतरी जास्त, पुढे ड्रिलिंग सरकेना, आणि एवढा खटाटोप करून साधं कवचसुद्धा पार झालं नाही.

गंमत म्हणजे एक भक्कम पुरावा खोलीत बसून मिळाला, तोही 1798 मध्ये. इंग्लिश शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिशने एका दांडीच्या दोन टोकांना शिशाचे छोटे गोळे लावून ती बारीक तारेला टांगली, जवळ दीडशे किलोच्या वरचे दोन मोठे शिशाचे गोळे आणले आणि त्यांच्या ओढीने दांडी किती फिरते ते मोजलं. अंगाच्या उबेने हवा हलून घोळ होऊ नये म्हणून हा बाबा खोलीत शिरायचाच नाही, बाहेरून दुर्बिणीतून बघायचा. त्यावरून पृथ्वीची सरासरी घनता निघाली पाण्याच्या जवळपास साडेपाच पट. आता आपल्या पायाखालचे खडक पाण्याच्या अडीच-तीन पट जड, मग सरासरी साडेपाच यायची तर आत कुठेतरी भलतंच जड काहीतरी असणारच ना? साधा हिशेब आहे.

पण ते जड काहीतरी कुठे सुरू होतं, घट्ट आहे की पातळ, हे सांगितलं भूकंपांनी. 1889 मध्ये जपानचा भूकंप जर्मनीत पॉट्सडॅमच्या यंत्रावर उमटला, तेव्हा लक्षात आलं की भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या आरपार जातात. मग रिचर्ड ओल्डहॅम, हा भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होता, त्याने 1897 च्या आसामच्या मोठ्या भूकंपाच्या नोंदी तपासताना लहरींचे प्रकार वेगळे करून दाखवले. पी लहरी आधी पोचतात, त्या पुढेमागे दाबत-ताणत जातात, आणि एस लहरी मागून येतात, त्या आडव्या हलवत जातात. 1906 मध्ये त्यानेच दाखवलं की केंद्राजवळून येणाऱ्या लहरी उशिरा पोचतात, म्हणजे आत वेगळ्या मालाचा गाभा आहे. तो 2900 किलोमीटरवर सुरू होतो हे जर्मन भूकंपशास्त्रज्ञ गुटेनबर्गने काढलं, आणि तो द्रव आहे हे 1926 मध्ये इंग्लिश शास्त्रज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीजने मांडलं. द्रवातून एस लहरी जाऊच शकत नाहीत, कारण द्रव आडवा ढकलला तर तो नुसता सरकतो, परत जागेवर यायला बघत नाही. पी लहरी जातात, पण सेकंदाला 13 किलोमीटरच्या वर असलेला वेग एकदम 8 वर येतो आणि त्या वाकतात. त्यामुळे भूकंपाच्या जागेपासून साधारण 104 ते 140 अंशांच्या (हे पृथ्वीच्या केंद्रापाशी मोजलेले कोन) पट्ट्यात थेट पी लहरी पोचतच नाहीत, त्याला छायाक्षेत्र म्हणतात.

आणि इथे येते माझी लाडकी व्यक्ती, डेन्मार्कची भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमान. 1929 च्या न्यूझीलंडच्या भूकंपाच्या नोंदींमध्ये तिला दिसलं की छायाक्षेत्रात क्षीण का होईना पण पी लहरी आल्यात. बाकीचे म्हणत होते, कडेने वळून आल्या असतील. हिला ते पटेना. तिने सगळ्या वेळा कार्डांवर लिहून काढल्या, ती कार्डं ओट्सच्या रिकाम्या खोक्यांत रचलेली असायची असं तिच्या एका नातेवाइकाने लिहून ठेवलंय, आणि कॉम्प्युटर वगैरे काही नसताना हिशेब जुळवला की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे, त्यावर आपटून या लहरी इकडे वळतात. 1936 चा तो पेपर, शीर्षक फक्त एक अक्षर आणि त्यावर एक चिन्ह, पी डॅश. आजच्या आकड्यांप्रमाणे या आतल्या गोळ्याची त्रिज्या सुमारे 1220 किलोमीटर.

आता लहरी वेग सांगतात, लोखंड आहे असं थोडीच ओरडून सांगतात! ते दुसऱ्या बाजूंनी जुळवावं लागलं. सूर्यात आणि अशनींमध्ये, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांमध्ये, जड मूलद्रव्यांपैकी लोखंडच भरपूर, काही अशनी तर जवळजवळ निव्वळ लोखंड आणि निकेलच्या. शिवाय पृथ्वीचं चुंबकत्व. लोखंड 770 अंशांच्या वर कायमचं चुंबक राहत नाही, त्यामुळे आत कुठला मोठा लोहचुंबक ठेवलेला नाही, वीज वाहून नेणारा वितळलेला धातू घुसळतोय तरच हे जमतं. अमेरिकन भूभौतिकतज्ज्ञ फ्रान्सिस बर्चने मात्र एक खुसपट काढलं, बाह्य गाभा शुद्ध लोखंडापेक्षा साधारण 10 टक्के हलका भरतो. म्हणजे त्यात सल्फर, सिलिकॉन, ऑक्सिजन असलं काहीतरी हलकं मिसळलेलं आहे, आणि नेमकं कोणतं व किती यावर अजून वाद चालू आहेत.

तापमानाची युक्ती तर मला जाम आवडते. बाह्य गाभा द्रव, आतला घन, मग दोघांच्या सीमेवर तापमान म्हणजे तिथल्या दाबाखाली त्या धातूचा वितळणबिंदूच असला पाहिजे. म्हणून लोखंडाचा कण दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये चिरडायचा, लेझरने तापवायचा आणि कधी वितळतो ते बघायचं. 2013 मध्ये फ्रान्समध्ये ग्रेनोबलला एक्स-रे लावून हे केलं आणि त्या सीमेसाठी आकडा आला 6000 अंश सेल्सिअसच्या आसपास, पाचेकशे इकडेतिकडे. पण हा झाला शुद्ध लोखंडाचा आकडा, भेसळ असली की धातू लवकर वितळतो, त्यामुळे आत नेमकं काय मिसळलंय हे ठरत नाही तोवर तापमानाचा वादही मिटत नाही.