बामणोलीला निघण्याआधी धरणाचा आकडा बघा

गेल्या मे महिन्यात सोलापूरहून दादा-वहिनी आणि तीन भाचरं आली. "उन्हानं जीव नकोसा झालाय, कुठंतरी पाणी दाखव," दादा म्हणाला. मी पडले सातारकर, पाणी दाखवणं काय अवघड? वेण्णा तलावावर मेमध्ये गाडी लावायलाच तास जातो, म्हणून बामणोली ठरवली. यवतेश्वरचा घाट, कास, आणि खाली शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय.

खाली पोचलो तर शिवसागर आणखी खाली! भेगाळलेल्या उतारावरून चालत गेलो. बोटीजवळचा चिखल वरून वाळल्यासारखा दिसत होता, त्यात वहिनीची चप्पल गेली ती गेलीच. धाकटा विचारतो, "आत्या, तलाव कुठाय?"

चूक माझीच. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), पण ती भरल्यावरची. त्यातलं ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीज करायला पश्चिमेकडे पोफळीला जातं, शिवाय इकडे शेतीला सोडावं लागतं. हिशोब जून ते मे. म्हणजे मे ही धरणाची तीस तारीख, खिसा रिकामाच असणार. धरणात किती पाणी आहे ते पेपरात रोज येतं. मी ते वाचून पान उलटते.

लाइफ जॅकेटवरून थोडी वादावादी झाली. दादाचं नेहमीचं, "मी विहिरीत पोहलोय." विहिरीला काठ हातभर अंतरावर असतो, हे त्याला कोण सांगणार! धाकट्याच्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं होतं. बोटवाला म्हणाला, गाठ मारा. खांद्याला धरून उचललं तर जॅकेट थेट पोराच्या कानापर्यंत. मी बोटीतून उतरले. मग कुरकुरत शेजारच्या बोटीतलं लहान जॅकेट आणून दिलं. पोटावर घट्ट बसलं तेव्हाच निघालो.

जाताना पाणी आरशासारखं होतं. चार वाजता परतताना वारा समोरून, पुढं बसलेले सगळे भिजले. पोरं खूश, वहिनी गप्प.

आता नोव्हेंबरमध्ये वासोटा किल्ला करायचा म्हणतात. लाँचचा प्रवासच दीड तासाचा, वर जंगलातली चढण, आणि अंधाराआधी परत. त्यामुळे मुक्काम आदल्या रात्री आमच्याकडे आणि पहाटे घर सोडायचं, ही माझी अट. वनखात्याची परवानगी लागते, प्लॅस्टिकच्या बाटल्याही मोजतात, म्हणून स्टीलच्या घ्या म्हटलंय.

काल वहिनीचा फोन आला. पाणी किती, बोट कितीला, काही नाही. पट्ट्याचे सँडल घेतलेत म्हणाली.