तुम्ही विचारलंत म्हणून: मॉर्टारला टरेट कशाला?

प्रश्न एकच असतो, विचारणारे बदलतात. भरती अकॅडमीतली पोरं विचारतात, पलटणीतले रिटायर झालेले सोबती विचारतात, लग्नात पंगतीला शेजारी बसलेला एखादा इंजिनियर विचारतो. मॉर्टार, म्हणजे उखळी तोफ, म्हणजे एक नळी, जमिनीवर टेकणारी एक बेसप्लेट आणि एक दोन पायांचा बाइपॉड, एवढं स्वस्त आणि सोपं हत्यार, मग त्याला कोट्यवधींच्या चिलखती गाडीत, तेही टरेटमध्ये, म्हणजे गाडीवरच्या फिरत्या बंद बुरुजात कोंडायचं कशाला? आणि लगेच मागून दुसरं वाक्य येतं, तुम्ही तर सगळी नोकरी उघड्यावरच्या मॉर्टारवर काढली, मग टरेटची एवढी बाजू का घेता?

दर वेळी मी उत्तर सुरू करतो आणि दर वेळी समोरचा मधेच तोडतो. म्हणून एकदा सलग लिहितो.

डोंगर चढणाऱ्या पलटणीला टरेटचा उपयोग नाही, हे मला कुणी सांगायला नको. ८१ मिमीची मॉर्टार सुटी करून आम्ही पाठीवर घेऊन चढलोय, नळी एकाकडे, बाइपॉड दुसऱ्याकडे, बेसप्लेट तिसऱ्याकडे आणि मागे बॉम्ब वाहणाऱ्यांची रांग. तिथे गाडीच जात नाही तर टरेट कुठून जाणार. पण सगळं लष्कर डोंगरात नसतं ना. बीएमपीत, म्हणजे पट्ट्यांवर चालणाऱ्या चिलखती गाडीत बसून मैदानातून, वाळवंटातून पुढे सरकणाऱ्या इन्फंट्रीच्या मागे मॉर्टार पण गाडीतूनच जाते, आणि मग थांबून खाली उतरून बेसप्लेट रोवायची, का गाडीतूनच मारायचं, आणि गाडीतून मारायचं तर छप्पर उघडं ठेवून का बंद ठेवून, प्रश्न खरं तर एवढाच आहे.

छप्पर उघडून मारणं हा जुना आणि चालणारा उपाय आहे. अमेरिकेने एम-११३ या चिलखती गाडीच्या पोटात मॉर्टार बसवल्या, नंतर स्ट्रायकर या चाकांच्या चिलखती गाडीत १२० मिमीची बसवली, ती वरचे दरवाजे उघडूनच मारते. आपल्याकडे बीएमपी-२ च्या सांगाड्यावर सीएमटी आहे, म्हणजे कॅरियर मॉर्टार ट्रॅक्ड, वरचा टरेट नाही, आत ८१ मिमीची मॉर्टार, मारताना वरून उघडी. चांगली गाडी आहे, वाईट म्हणणार नाही. पण नळी दोन्ही बाजूंना ठराविकच वळते, टार्गेट बाजूला गेलं की अख्खी गाडी फिरवायची, आणि मारत असताना माणसांच्या डोक्यावर आकाश.

डोक्यावरचं आकाश ही किरकोळ गोष्ट वाटते ना? मॉर्टारचा बॉम्ब उंच जातो, सावकाश जातो, अर्धा अर्धा मिनिट हवेत असतो, आणि म्हणून रडारला तो फार सहज दिसतो. रडार त्याची वाट मागे मोजत जाऊन नळी कुठे आहे ते सांगतं. कारगिलच्या वेळी पाकिस्तानकडे अमेरिकेची टीपीक्यू-३६ रडार होती आणि आपल्याकडे त्या तोडीचं काही नव्हतं, त्याची किंमत आपण भोगली, मग टीपीक्यू-३७ घेतली, मग आपलं स्वाती रडार आलं. म्हणजे आता दोन्हीकडे डोळे आहेत. पहिला बॉम्ब सोडला की तुमचं घड्याळ सुरू. जमिनीवरची बेसप्लेट चार-सहा बॉम्बनंतर मातीत अशी रुतते की उपसून काढायला घाम फुटतो, आणि तेवढ्यात वरून उत्तर येतं. फिनलंडची पॅट्रिया कंपनी तिच्या निमो टरेटबद्दल सांगते की गाडी थांबल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत पहिला बॉम्ब आणि शेवटच्या बॉम्बनंतर दहा सेकंदात गाडी हललेली. कंपनीचं बोलणं आहे, त्यातलं थोडं कमी धरा. तरी फावड्यापेक्षा बरंच.

हे काही काल सुचलेलं नाही. सोव्हिएत लोकांनी १९८१ मध्ये नोना आणली, २एस९, १२० मिमीची, मागून भरायची, फिरत्या टरेटमध्ये, आणि गाडी एवढी हलकी की पॅराशूटने खाली सोडता यावी. नळी उणे ४ पासून ८० अंशापर्यंत. अफगाणिस्तानात ती लगेच कामाला आली, कारण दरीच्या पलीकडच्या उतारावर मारायला नळी उभी करावी लागते आणि रस्त्यात अचानक समोर कुणी आलं तर तीच नळी आडवी करून सरळ मारता येते. सरळ मारणं साध्या मॉर्टारला जमतच नाही, बॉम्ब तोंडातून घसरून खाली जायला नळी उभी लागते.

आणि इंजिनियर लोकांनो, तुम्ही म्हणता टरेट म्हणजे काय, तोफेचा घ्या आणि नळी बदला. तसं होत नाही. रणगाड्याची तोफ वीसेक अंश वर जाते, मॉर्टारला ८०-८५ लागतात. नळी तेवढी उभी केली की तिचं बूड टरेटच्या आत खोल जातं, जिथे माणसं बसलीत आणि बॉम्ब ठेवलेत तिथे. म्हणून ज्या आसावर नळी झुलते तो पुढे आणि वर घ्यावा लागतो, म्हणून हे टरेट उंच आणि बोजड दिसतात. शिवाय रणगाड्याचा धक्का मागे जातो, उभ्या मॉर्टारचा खाली जातो, सरळ टरेटच्या रिंगवर आणि सस्पेन्शनवर. जमिनीवर हा धक्का धरणीमाय खाते, गाडीत तो खायला हायड्रॉलिक बफर लागतात. वर बंद डब्यात दारूचा धूर, तो काढायला नोनात दाबलेली हवा नळीतून फुंकतात. हे सगळं खर्चाचं आहे, वजनाचं आहे, मान्य.

आता ते, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. आतापर्यंतचं कुणीही पुस्तकातून सांगेल.

प्रॅक्टिस फायरिंगची रात्र होती. रेंजचं नाव सांगत नाही, पलटणीचं पण नाही, तिथे कुणाची चूक नव्हती आणि कुणावर बोट ठेवायचं नाहीये. पाऊस बारीक पण सतत. दोन ट्यूब, म्हणजे दोन मॉर्टार, शेजारी शेजारी, मी आमच्या ट्यूबवर नंबर एक, म्हणजे साइट, नेम धरायची दुर्बीण, माझ्याकडे, आणि नंबर दोन बॉम्ब सोडणारा. तो माझ्या शेजारच्या तालुक्यातला, आम्ही एकाच वर्षी भरती झालेलो, सुट्टीला जाताना एकाच एसटीने जायचो. हुकूम आला सलग फायरचा. सलग फायरमध्ये एक लय लागते, बॉम्ब सोड, खाली वाक, आवाज, दुसरा हातात, सोड. डोकं चालत नाही, अंग चालतं. तेच शिकवलेलं असतं.

त्याने बॉम्ब सोडला आणि वाकला. आवाज झाला. उजेड झाला. तो उठला आणि पुढचा बॉम्ब घेऊन नळीच्या तोंडावर आला.

आवाज शेजारच्या ट्यूबचा होता.

मला कसं कळलं हे मला आजही नीट सांगता येत नाही. माझा डोळा साइटला होता आणि साइट हलली नव्हती. बाइपॉडने उडी घेतली नव्हती. बस, तेवढंच. आमचा बॉम्ब आत होता, बुडाशी, न फुटलेला, आणि त्याच्यावर दुसरा पडणार होता. ८१ मिमीचा बॉम्ब चार किलोच्या वर असतो. खालचा तेव्हाच पेटला असता तर दोन्ही नळीतच गेले असते, आणि आमच्या मागे बॉम्ब उघडून मांडलेले होते, त्यांच्यापाशी अजून दोन पोरं होती.

ओरडून उपयोग नव्हता, कान बंद होते. हातात जे होतं, लोखंडी काहीतरी होतं, त्याने मी त्याच्या मनगटावर मारलं. पूर्ण ताकदीने. बॉम्ब चिखलात पडला. तो पण पडला. मला शिवी दिली त्याने, ती मात्र मला ऐकू आली.

मग मिसफायरचं, म्हणजे बॉम्ब न सुटता आत राहिला तर करायचं ड्रिल. थांबायचं, ट्यूबला लाथ घालून बघायची, परत थांबायचं, मग बूड उचलून नळी हळूहळू तिरकी करायची आणि बॉम्ब घसरत तोंडाशी आला की दोन हातांच्या ओंजळीत झेलायचा. झेलायचं काम खरं नंबर दोनचं. त्याचं मनगट मोडलं होतं, म्हणून शेजारच्या ट्यूबवरचा एक पोरगा आला, एकोणीस-वीस वर्षांचा, आणि त्याने झेलला. बॉम्ब होता. आत होता. म्हणजे मला भास झाला नव्हता, हे मी मुद्दाम लिहितोय, कारण नंतर काही जण म्हणाले की हा घाबरला आणि सोबत्याचा हात मोडला. बॉम्ब निघाला तेव्हा जे तिथे होते त्यांना विचारा.

नंबर दोनचं मनगट जुळलं पण पहिल्यासारखं झालं नाही. तो मॉर्टारवर परत आला नाही, स्टोअरला गेला, आणि त्याला मॉर्टार आवडायची. बरेच दिवस तो माझ्याशी बोलला नाही. एसटीत वेगळ्या सीटवर बसायचा.

यात कुणी मेलं नाही, म्हणून ऐकणारे म्हणतात चला, सुटलात. २०१३ च्या मार्चमध्ये अमेरिकेत नेवाडातल्या हॉथॉर्नला रात्रीच्याच सरावात ६० मिमीच्या मॉर्टारवर ७ मरीन गेले, तपासात माणसाकडून ड्रिल चुकल्याचं निघालं. जगातलं सगळ्यात शिस्तीचं सैन्य म्हणवतात. तेव्हा मला सुटलात म्हणू नका.

मागून भरायच्या टरेटमध्ये हे होत नाही. आत बॉम्ब अडकलेला असेल तर ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं झाकण, उघडल्यावर तो समोर दिसतो, दुसरा घालायला जागाच नसते. फिनलंड आणि स्वीडनने मिळून केलेली एमॉस, दोन नळ्यांची १२० मिमी, मागून भरायची. पोलंडचा राक, हुता स्तालोवा वोलाचा, १२० मिमी, बॉम्ब यंत्रानेच भरतो. पोलंडने २०१६ मध्ये एकदम ६४ मागवले. नोनाही मागूनच. बस, माझं उत्तर हेच, असं मी काही वर्षं छातीठोकपणे सांगायचो.

आणि मग जो मी आधी होतो, ट्यूबवरचा, तो मला आतून विचारायला लागला. अरे, एवढ्यासाठी टरेट? रशियन मॉर्टारच्या तोंडावर एक लहानसं झापड असतं, आत बॉम्ब असला की ते आडवं येतं आणि दुसरा बॉम्ब जाऊच देत नाही. थोडंसं लोखंड. ते आपल्या नळीवर असतं तर तुला कुणाचं मनगट मोडावं लागलं नसतं, आणि तू त्याच्याऐवजी बंद टरेट मागतोस? याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. झापड रडारपासून वाचवत नाही एवढं म्हणतो, ते खरंय, पण रडारचा मुद्दा वेगळा आणि माझ्या रात्रीचा मुद्दा वेगळा, आणि मी दोन्ही एकाच पिशवीत घालून लोकांना पटवत होतो.

स्वीडनने तर मला अजून गोंधळात टाकलं. एमॉस त्यांनीच सुरू केली, सीव्ही-९० या त्यांच्या चिलखती गाडीचे ४० सांगाडे त्यासाठी घेऊन ठेवले, मग खर्चापायी हात काढून घेतला, आणि गाड्या पडून राहिल्या. फिनलंडने १८ घेतल्या. शेवटी २०१६ मध्ये स्वीडनने त्याच ४० सांगाड्यांवर म्योल्नर बसवायची ऑर्डर दिली, आणि म्योल्नर म्हणजे काय, दोन नळ्या, टरेट, माणसं चिलखताच्या आत, पण बॉम्ब नळीच्या तोंडातूनच! वर नेऊन आत सोडायचं काम यंत्राचं. म्हणजे पैसेवाला, डोकं असलेला देश फिरून पुन्हा जुन्या नळीकडे आला, फक्त माणसाचा हात तोंडापासून बाजूला केला. वाचलं तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं की त्यांनी नेमकं तेच काढून टाकलं जे त्या रात्री आमच्याकडे जास्तीचं होतं.

वर युक्रेनचं युद्ध. पोरं मोबाइलवर व्हिडिओ दाखवतात, सर बघा, मोठी गाडी ड्रोनला लांबून दिसते आणि टरेटचं छप्पर पातळ असतं, खड्ड्यात लपवलेली साधी ट्यूब मात्र टिकते. बरोबर आहे. पण त्याच खड्ड्यातल्या माणसांवर वरून ड्रोन काय टाकतो ते पण व्हिडिओत असतं, ते बघताना पोरं गप्प असतात. आणि पोलंडचे राक युक्रेननेही घेतलेच की, फुकटची हौस म्हणून कुणी युद्धात गाडी घेत नाही.

नंबर दोनशी आता बोलणं आहे. त्याच्या मुलीच्या लग्नात त्यानेच हाक मारली, त्यानंतर फोन सुरू झाले. त्याला मी राकचा व्हिडिओ पाठवला होता. त्याचं म्हणणं, पाच राऊंडनंतर यंत्र अडकलं आणि गाडी चालली नाही तर तुझी मॉर्टारही गेली आणि गाडीही गेली, आपली ट्यूब चिखलात पडली तरी पुसून चालायची. आणि टरेटमध्येही बॉम्बच्या शेपटीला चार्ज, म्हणजे तो लांब फेकणारी दारू, कमी-जास्त करायला कुणीतरी लागतोच, तो अंधारात चुकला तर? मी म्हटलं, चुकला तर बॉम्ब लांब-आखूड पडेल, ते आपल्या नळीवरही होतंच, पण नळीत दोन जाणार नाहीत. तो म्हणाला, नळीत दोन त्या दिवशीही गेले नाहीत. मी म्हटलं, का गेले नाहीत ते तुझ्या मनगटाला विचार. त्यावर तो म्हणाला की मनगट माझं आहे, तेव्हा हिशोबही मीच करणार, आणि माझ्या हिशोबात झापड पुरे.

मी अजून म्हणतो की बीएमपीबरोबर जाणाऱ्या पोरांना तरी बंद छप्पर द्या, नळी मागून भरा नाहीतर पुढून. तो म्हणतो त्या पैशात प्रत्येक ट्यूबला झापड आणि प्रत्येक प्लाटूनला चांगली जीप येईल. गेल्या आठवड्यात पण इथपर्यंतच आलो होतो.