डोळ्यांना लांबचं दाखवा
आज दिवसभर ब्लाउजवर आरीवर्क चाललं होतं. मणी बारीक, जरीचा धागा त्याहून बारीक. दुपारी कपाळ ठणकायला लागलं, तशी सुई ठेवली आणि खिडकीतून गुलमोहराच्या शेंड्याकडे बघत राहिले. जवळचं बघताना डोळ्यातल्या भिंगाभोवतीचा स्नायू आवळलेला असतो, लांब बघितलं की सैलावतो. दर २० मिनिटांनी, २० फूट लांब, निदान २० सेकंद. एवढंच! आणि पापण्या मुद्दाम मिटत राहा गं, नजर खिळली की त्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात. चष्म्याचा नंबर याने जात नाही, कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण संध्याकाळी डोकं खरंच हलकं होतं. भरतकाम करणाऱ्या मैत्रिणींनो, करून बघाच. तरीही दुखत राहिलं तर मनाने थेंब घालू नका, डॉक्टरांना दाखवा.