संस्थान, मुंबई, मैसूर, कर्नाटक : एकाच घराच्या पावत्या

पाहुणे आले की मी त्यांना ठरलेली चक्कर मारून आणते. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आणि अधिवेशनाचं स्मारक असलेलं वीरसौध, रिसालदार गल्लीतलं विवेकानंद १८९२ साली उतरले होते ते घर, किल्ल्यातलं कमल बस्ती हे जुनं जैन मंदिर आणि वेळ असेल तर कित्तूर. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते आमच्या बेळगावात, डिसेंबर १९२४ मध्ये. हे सांगताना माझाही आवाज जरा चढतो. शताब्दीला गावभर रोषणाई होती, तेव्हा नातवंडांना घेऊन मीही फिरून आले.

बेळगावातलंच आमचं शहापूर मात्र या चक्करीत कुठंच येत नाही. पेठ मागांची आणि सराफांची. इथं तयार होणारी साडी शहापुरी म्हणून दूरदूर जायची. आता खासबाग-वडगावात यंत्रमागांची खडखड आहे, हातमाग शोधावा लागतो. या सगळ्यातलं काचेमागं ठेवलेलं काहीच नाही. जे आहे ते घराघरात, माळ्यावरच्या ट्रंकेत.

म्हणून घराघरातल्या या कागद-फोटोंचं छोटं संग्रहालय करायला वाचनालयाच्या माडीवर आम्ही चार-पाच जणांनी एक खोली मागून घेतली. मी शाळेतून निवृत्त झालेली, जुन्या कागदांची मोडी लिपी थोडीफार येते. एक कन्नड मुलगी आहे, इतिहासात एम. ए. झालेली. एक मागवाले काका आहेत, ते ताण्याबाण्यातलं बोलू लागले की थांबत नाहीत. आणि भाच्यानं जुना झाला म्हणून दिलेला स्कॅनर. बाकी खोलीत एक कपाट, एक लांब टेबल आणि पंखा. पंखा कागद बाहेर काढताना बंद ठेवायचा.

पहिल्या दिवशीच एक नियम केला. कागद आणायचा, दाखवायचा, स्कॅन झाला की घरी न्यायचा. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही. यावर ओळखीतल्या एका अभ्यासकांनी नाराजी दाखवली. मूळ वस्तू नाही तर कसलं संग्रहालय, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना शिलालेखांची गोष्ट सांगितली. इथं पूर्वी राज्य करणाऱ्या रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचिराज, १२०४ सालचं दान, हे सगळं ज्यांच्यावर कोरलं होतं ते बेळगावचे दोन दगड लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कमल बस्ती इथं, तिची कागदपत्रं तिकडं. दगड तिकडं सुखरूप आहेत, अभ्यासकांनी वाचून छापलेही आहेत. पण बस्तीच्या शेजारी राहणाऱ्या पोराला ते बघायला विमानाचं तिकीट काढावं लागेल. लहान प्रमाणात आम्हाला तेच करायचं नव्हतं.

दुसरं कारण जास्त खरं आहे. आमच्याकडं लोक कागद हातातून सोडत नाहीत, आणि का सोडावा? जमीन, वाटणी, वारसा, सगळं त्या कागदावर अडलेलं असतं. एक बाई पिशवी पोटाशी धरूनच आत आल्या. म्हणाल्या, "बाई, वाचून सांगा, पण तुमच्याकडं ठेवून घेत न्हाई न्हवं?" न्हाई म्हटल्यावर पिशवी टेबलावर आली. पुढच्या वेळी जावेलाही घेऊन आल्या.

कागद येतात तेव्हा त्यांची दशा बघून जीव कासावीस होतो. सगळ्यात मोठा शत्रू लॅमिनेशन. चांगलं टिकावं म्हणून लोक हौसेनं करून आणतात. गरम प्लास्टिक एकदा कागदाला चिकटलं की कागद फाटल्याशिवाय निघत नाही, आणि आतला कागद पिवळा पडायचा थांबत नाही तो नाहीच. त्याच्या खालोखाल चिकटपट्टी. मग प्लास्टिकची पिशवी. आमच्या आषाढ-श्रावणातला पाऊस ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको, बंद पिशवीत ओल धरते आणि बुरशी येते. सुती कापडात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, जमिनीपासून उंच, बाहेरच्या भिंतीपासून लांब. फोटोच्या मागं नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलनं, बॉलपेनचा दाब पुढं उमटतो. आणि ते पांढरे हातमोजे! आमच्याकडं येणारे प्रत्येकजण विचारतात. फोटोला ते ठीक आहेत. जुन्या कागदाला मात्र धुतलेले, कोरडे हात बरे. मोज्यातून कागदाची कड कळत नाही आणि ती फाटते.

मोडी वाचणं हे एकट्याचं काम नाही हे मला या खोलीत कळलं. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात, हात शक्यतो न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही. अक्षरं मी लावते, पण शब्द कुठं तुटतो ते घरच्या माणसाला माहीत असतं. एका गहाणखतात शेताच्या नावाशी मी अडून बसले होते. कागद आणणारे गृहस्थ शेजारी उभे राहून चहा पीत होते. मी अक्षर अक्षर म्हणत होते तेवढ्यात ते म्हणाले, "कुंभाराचा माळ की वो! आता तिथं प्लॉट पाडल्यात." झालं, पुढचं सगळं भराभर सुटलं. खाली १९६० नंतरचे कन्नड कागद होते, ते आमच्या एम. ए. मुलीनं वाचले. त्या गृहस्थांना ना मोडी येत होतं ना कन्नड. आपल्याच जमिनीची शंभर वर्षं त्यांनी त्या दुपारी पहिल्यांदा सलग ऐकली.

आता पावत्यांकडं येते, कारण सध्या भिंतीवर त्याच आहेत.

एका घरातून तारेला टोचलेल्या पावत्यांचा गठ्ठा आला. पूर्वी दुकानात, घरात सगळीकडं अशी वाकवलेली तार असायची, पैसे भरले की पावती खुपसायची. गंजानं भोकं मोठी झालेली, पण क्रम बिघडला नव्हता. तळाला सर्वात जुनी, वर नवी. घरपट्टी, शेतसारा, असलंच किरकोळ. त्यांच्या डोक्यावरची नावं मात्र वाचत गेलं की गंमत होती. खाली संस्थान सांगली. बेळगाव इंग्रजांचं असलं तरी शहापूर पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होतं. चालत जाण्याच्या अंतरावर राज्य बदलायचं. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, की पावतीचं डोकं बदललं. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही मैसूर राज्यात आलो, पुन्हा बदललं. १९७३ ला त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. लिपी मोडी, मग देवनागरी, मग कन्नड. आणि पत्ता खालपासून वरपर्यंत तीच गल्ली.

आम्ही त्यांच्या मोठ्या प्रती काढून भिंतीवर एका रांगेत लावल्या. दुसरं काही केलं नाही. नाथ पै चौकाकडून भाजी घेऊन येणारे लोकसुद्धा पिशवीसकट वर येऊन उभे राहू लागले. एका आजोबांनी बोट ठेवत ठेवत रांग संपवली आणि म्हणाले, "जन्मलो संस्थानात, शाळा मुंबई राज्यात, लगीन मैसुरात, पेन्शन कर्नाटकाचं. गाव तर सोडलो नाही की वो मी!"

सीमाप्रश्नावर मी आजवर पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. १९६७ चा महाजन अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातला दावा, सगळं पाठ आहे. पण त्या दिवशी रांगेसमोर मराठी आणि कन्नड दोन्ही घरचे लोक आपापल्या आज्याच्या पावत्या आठवत होते, असं मी आधी बघितलं नव्हतं.

खोलीत सगळं गोडगोड आहे असं समजू नका. बेळगाव मैसुरात घालण्याविरुद्ध १९५६ च्या जानेवारीत निघालेल्या मोर्चाचा एक फोटो आला, तेव्हा खाली काय लिहायचं यावरून आमच्यातच वाजलं. त्या आंदोलनातल्या गोळीबारात गेलेल्यांसाठी १७ जानेवारीला आम्ही मराठी लोक हुतात्मा दिन पाळतो. माझ्या घरात तो दिवस जसा सांगितला गेला तसंच लेबल असावं असं मला वाटत होतं. कन्नड मुलगी म्हणाली, "बाई, मग माझ्या अज्जाच्या अल्बममधला नोव्हेंबरचा, मैसूर राज्यात आल्याच्या मिरवणुकीचा फोटो आला तर त्याच्याखाली मी लिहू?" रात्रभर विचार केला. शेवटी ठरलं ते असं : तारीख, जागा, अल्बम कुणाचा, आणि त्या घरच्या माणसाचं एक वाक्य त्याच्याच शब्दांत. विशेषणं आमची नकोत. लेबल दोन्ही भाषांत, एकाच मापाच्या अक्षरांत. मग अज्जांचा फोटोही आला. दोन्ही एकाच भिंतीवर आहेत. कुरकूर दोन्ही बाजूंनी झाली, काढून टाका असं कुणी म्हटलं नाही.

आता जे मिळत नाही त्याबद्दल. मागाच्या हिशेबाच्या वह्या भरपूर आल्या. सूत कुणाकडून आणलं, किती साड्या कुणाला दिल्या, उसनवार, सगळं आहे. नावं सगळी पुरुषांची. पण मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरल्या कुणी? रहाटावर बसून सासू, सून, लेकी, पहाटेपासून भरत होत्या, ते कुठल्याच वहीत नाही, कारण घरच्या बाईला मजुरी नव्हती आणि मजुरी नाही तिथं नोंद नाही. फोटोही नाहीत. स्टुडिओत जाऊन काढलेले आहेत, उभ्या, साडी कडक, मागं पडद्यावर रंगवलेला बगीचा. कामावर बसलेल्या बाईचा एकसुद्धा नाही.

तेव्हा शहापूर, वडगाव, खासबाग, होसूरकडच्यांना सांगणं : अल्बम चाळताना कोपऱ्यात रहाट, माग, धोटा, फणी दिसत असेल, फोटो हललेला का असेना, घेऊन या. जुना रहाट भंगारात घालणार असाल तर आधी आम्हाला विचारा. वस्तूंच्या बाबतीत मात्र आम्ही ठेवून घेतो, कपाटाशेजारी जागा आहे. आणि घरात कांड्या भरलेल्या आजी असतील तर मला बोलवा, मी मोबाईल घेऊन येते. होसूरच्या एका आजींनी वेळ दिली आहे, पण त्यांची सीरियल संपल्यावर, आणि मागवाल्या काकांना बरोबर आणायचं नाही या अटीवर. "त्यो आमाला बोलू देईत न्हाई," म्हणाल्या.