४० मीटरवरचे आबा

आबा गेल्याचे मला कळले तेव्हा त्यांना जाऊन आठ दिवस झाले होते. त्या आठही दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही सातआठ जणांनी बिनतारी संचावर त्यांचा कॉलसाइन तीन-तीनदा पुकारला आणि उत्तर आले नाही, तेव्हा वादळात त्यांची एरियलची तार तुटली असेल, असे एकमेकांना सांगत पुढच्या माणसाकडे वळलो. तर्क पटण्याजोगा होता. मे महिना होता, चोपडा-शिरपूर पट्ट्यात अवकाळीने केळीचे मळे आडवे झाले होते, आणि जिथे केळीचे खांब उभे राहिले नाहीत तिथे पत्र्याच्या शेडवरून कडुनिंबाला बांधलेली तांब्याची तार कशी राहणार, असे आम्हाला वाटत होते. नवव्या दिवशी अमळनेरच्या एका सहकाऱ्याने, शिरपूरला कामासाठी गेला असता कानावर आलेली बातमी सांगितली. बातमी सांगून झाल्यावर त्याने बटण सोडले आणि पुढचे काही क्षण नुसती खरखर ऐकू आली, कारण बोलायची पाळी कोणाची हे कोणालाच ठरवता येईना.

मी भुसावळला राहते, शाळेत विज्ञान शिकवते आणि हौसेखातर बिनतारी संच चालवते. या छंदाला सगळे हॅम रेडिओ म्हणतात. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळाला की एक कॉलसाइन मिळतो, भारतात साधारणपणे ‘व्हीयू टू’ किंवा ‘व्हीयू थ्री’ने सुरू होणारा, आणि तेच त्या माणसाचे हवेतले नाव. आबा ‘व्हीयू टू’ होते, म्हणजे मोर्स या टिंब-रेषांच्या संकेतलिपीची परीक्षा दिलेले. मी ‘व्हीयू थ्री’. पुढची अक्षरे इथे लिहीत नाही, कारण त्यावरून माणूस ओळखता येतो. त्यांचे नावही मी कधी घेतले नाही. सगळे आबा म्हणत, मीही आबा म्हणे, आणि ते मला ताई म्हणत, वयाने मी त्यांच्या मुलीसारखी असूनही.

आमची भेट सकाळीच का होई, हे सांगायला हवे. भुसावळ आणि शिरपूर यांच्यात सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर अंतर आहे. ७ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे ४० मीटरच्या पट्ट्यावर, जमिनीलगत जाणारी लहर एवढ्या अंतरावर दमून जाते, पण जवळजवळ सरळ वर पाठवलेली लहर वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवर, म्हणजे आयनांबरावर, आपटून छत्रीसारखी खाली पसरते आणि शेजारच्या जिल्ह्यात नीट पोचते. उन्हे चढली की खालचा थर ती लहर शोषून घेऊ लागतो. रात्री वरचा थर विरळ होतो, सरळ वर गेलेली लहर आरपार निघून जाते आणि तिरपी गेलेली मात्र दूरवर उतरते. म्हणून रात्री दहा वाजता मला युरोपातली स्टेशने ऐकू येत, पण शिरपूर येत नसे. शेजारचा माणूस दिवसाच्या ठरावीक घटकांतच भेटतो आणि परका अर्ध्या रात्री दारात उभा असतो, हा प्रकार मला सुरुवातीला फार विचित्र वाटे. आबांना त्यात काही विशेष वाटत नसे. जगभरातले हॅम नोंदवहीत जागतिक वेळ लिहितात, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. आबा घड्याळातली वेळ लिहीत. कोणी हटकले की म्हणत, “सूर्य शिरपूरले उगस, तिकडे नही.”

त्यांचे मोटार वाइंडिंगचे दुकान होते. तापीकाठच्या आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून जळालेल्या पंपांच्या मोटारी त्यांच्याकडे येत, आणि उन्हाळ्यात, विजेचा दाब कमी झाला की, जास्तच येत. एनॅमलची तार बोटांनी मोजून गुंडाळणे हा त्यांचा दिवसभराचा धंदा, त्यामुळे संचासाठी लागणारी कॉइल त्यांना गुंडाळून दाखवावी लागत नव्हती, ती त्यांच्या हातातच होती. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी २००३ च्या सुमारास बिटएक्स या संचाचा आराखडा सर्वांसाठी मोकळा केला, त्यात कॉइल गुंडाळायच्या महागड्या रिंगांच्या जागी नळात घालतात ते वॉशर वापरले होते. आबांनी तो संच बांधला. वॉशर प्लंबिंगच्या दुकानातून, तार स्वतःच्या दुकानातली, आणि मोर्सचे संकेत ठोकायची कळ हॅक्सॉच्या तुटलेल्या पात्याची. विकतचा संच त्यांनी नंतर घेतला, पण पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की तो काढून ठेवत आणि बिटएक्स जोडत. “हाई गयं तं चाळीस रुपयानं वॉशर जाई,” म्हणत.

संच ते ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर चालवत, आणि भारनियमनाची वाट पाहत. खानदेशात वीज गेली म्हणून आनंद मानणारा माणूस हॅमखेरीज दुसरा सापडणार नाही. गावातले एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर हे सगळे ४० मीटरवर कचरा टाकतात. माझ्या संचाच्या, आवाजाचा जोर दाखवणाऱ्या मीटरवर हा गोंगाट एस-७पर्यंत असतो, आणि आमच्याकडे रेल्वेची ओव्हरहेड तार असल्यामुळे त्यात भर पडते. वीज गेली की काटा एस-२वर येऊन पडतो आणि मग लांबच्या विहिरीतून यावेत तसे हलके आवाज वर येतात. आबांकडे सकाळची वीज जाण्याची वेळ आली की ते आधीच बॅटरीशी जाऊन बसत.

त्यांच्याबद्दल आम्हा सगळ्यांची एकच तक्रार होती. हवेत भेटले की समोरच्याचा संदेश कसा ऐकू आला हे दोन आकड्यांत सांगायचे असते, पहिला स्पष्टतेचा, १ ते ५, दुसरा जोराचा, १ ते ९. शिष्टाचार म्हणून बहुतेक जण डोळे मिटून ‘फाइव्ह नाइन’ देतात. लग्नातल्या जेवणाला कोणी वाईट म्हणत नाही तसे. आबा मात्र खरे सांगत. मी नवीन होते तेव्हा पहिल्याच दिवशी मला त्यांनी ‘थ्री फोर’ दिला आणि वर म्हणाले, “आवाज येस ताई, पन साफ नही.” मला राग आला होता. दोन दिवसांनी त्यांनी विचारले की तारेचा मधला जोड सोल्डर केला आहे की नुसता पिळला आहे. पिळला होता. शेजारच्या टाकीपासून गच्चीच्या कठड्यापर्यंत उलट्या ‘व्ही’च्या आकारात बांधलेल्या माझ्या दहा-दहा मीटरच्या दोन तारांमधला तो जोड त्यांनी शंभर किलोमीटरवरून कानाने पकडला होता. त्या दिवसापासून त्यांच्या आकड्यांवर माझा जितका विश्वास होता तितका मीटरवर नव्हता.

आमच्यापैकी कोणाकडेही त्यांचा फोन नंबर नव्हता. त्यांची तार किती फूट उंच आहे, संच किती वॉट सोडतो, रक्तदाबाची गोळी ते किती वाजता घेतात, हे सगळे ठाऊक होते. घरचा पत्ता मात्र माझ्याकडे होता, कारण पहिल्या भेटीनंतर रिवाजाप्रमाणे त्यांनी मला क्यूएसएल कार्ड पाठवले होते. पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर कॉलसाइन, तारीख, वेळ, ‘३-४’ आणि खाली बारीक अक्षरात गाव, तालुका, जिल्हा. त्या कार्डावरून मी गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या, दिवशी पोचले. भुसावळहून यावल, चोपडा करत अनेर नदी ओलांडून जाणारा रस्ता आहे. उजवीकडे सातपुडा, दोन्ही बाजूंना पडलेल्या केळी.

मांडवात बसले. दारावर बसायला आलेल्या बायकांपैकी एकीने विचारले, “तुम्ही त्यासना कोन शेतस?” विद्यार्थिनी म्हणावे तर त्यांनी कोणाला शिकवले नव्हते, नातेवाईक नव्हते, गावची नव्हते, आणि ‘रेडिओवर बोलायचो’ हे मांडवात बसून सांगण्याजोगे उत्तर वाटेना. मी म्हटले, ओळखीची आहे, भुसावळहून आले. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या आजींनी मान वर केली. “भुसावळनी ताई का?” म्हणाल्या, “आवाज तोच शे.” मी त्यांना कधी पाहिले नव्हते आणि त्यांनी मला. रोज सकाळी चहा ठेवताना माझा आवाज त्यांच्या घरात येत होता, याची मला वर्षानुवर्षे कल्पना नव्हती. आबा घरात कसे होते, असे मी त्यांना विचारले तेव्हा म्हणाल्या की फारसे बोलत नसत. आमच्या आठवणीतले आबा तर बोलायचे थांबत नसत.

मुलाने मला वरची खोली दाखवली. बिनतारी संच विनापरवाना बाळगता येत नाही, वारसालाही नाही, त्यामुळे तो कोणा परवानाधारकाकडे रीतसर द्यावा लागेल, एवढे त्याला समजावून सांगणे हेच माझे तिथले खरे काम ठरले. आमच्यात दिवंगत सोबत्याला ‘सायलेंट की’ म्हणतात, मोर्सची कळ मुकी झाली या अर्थाने. मी तो शब्द मुलाला सांगितला नाही. समोर टेबलावर हॅक्सॉच्या पात्याची ती कळ होती आणि तिचा तांब्याचा संपर्कबिंदू घासून चकचकीत झालेला होता.

मग त्याने वह्या काढल्या. दुकानाच्या हिशेबाच्या लाल वह्याच त्यांनी नोंदींसाठी वापरल्या होत्या: जमेच्या रकान्यात कॉलसाइन, नावेच्या रकान्यात आकडे, शेवटी शेरा. २०२४ च्या मे महिन्यात सूर्यावरच्या उद्रेकांमुळे मोठे चुंबकीय वादळ आले होते, लडाखमध्ये हानलेहून आकाश तांबडे दिसले होते आणि आमचा पट्टा सकाळी मुका पडला होता. मी त्या दिवशी दहा मिनिटांत संच बंद केला होता. आबांच्या वहीत ११ मेच्या पानावर साडेसहा ते आठ अशी वेळ आहे आणि शेरा, ‘कोणी नाही. सूर्य.’ माझ्या नावावरचे शेरे मी मुलाच्या देखत वाचत गेले. सर्दी. घाईत. परीक्षेचे पेपर. आवाज आज बरा. जोड सोल्डर केला. शेवटची नोंद ते गेले त्या सकाळची होती: ‘४-७. आवाजात गुणगुण. सप्लायचा कपॅसिटर बघायला सांगणे. दोनदा विसरलो.’

‘दोनदा विसरलो’ म्हणजे काय, असे मुलाने विचारले. मी सांगितले की माझ्या संचात बिघाड आहे.

रात्री घरी येऊन पॉवर सप्लायचे झाकण उघडले. फिल्टरचा मोठा कपॅसिटर, दहा हजार मायक्रोफॅरडचा, उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या खोलीत आतून सुकला होता. त्याचे डोके फुगून वर आले होते आणि बुडाशी तपकिरी चिकटा जमला होता. मला गुणगुण कधीच ऐकू आली नव्हती, कारण आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकता येत नाही. दुसऱ्या दिवशी जळगावहून नवा आणून बसवला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सगळ्यांना रिपोर्ट विचारला. अमळनेरने फाइव्ह नाइन दिला, नाशिकने दिला, नागपूरनेही दिला.